पट्टी काळी चार, स्क्रीनवर सी: ट्रान्सपोज केलेले कॉर्ड चुकीचे दिसतात तेव्हा

कोथरूडमधल्या एका सोसायटीची गच्ची, कोजागिरी, दूध अजून आटतंय. गाणाऱ्या काकूंची पट्टी काळी चार. लॅपटॉपवरची साथ त्या पट्टीत आणून ठेवलेली, स्क्रीनवरचे कॉर्डही त्याच पट्टीतले. पहिलाच कॉर्ड ए फ्लॅट, म्हणजे काळी चारच. मी कीबोर्डवर ए फ्लॅट धरला आणि स्पीकरमधून आला ई. म्हणजे पांढरी तीन. ट्रॅक एकीकडे, मी दुसरीकडे, आणि मधे काकू माझ्याकडे बघतायत. मी आणखी जोरात ए फ्लॅट दाबला. अर्थात आणखी जोरात ई आला.

झालं होतं इतकंच की आधीच्या गाण्यासाठी कीबोर्डचं ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय, उणे चारवर नेलं होतं आणि ते परत शून्यावर आणायचं राहिलं होतं. तोवर मी मात्र लॅपटॉपमध्ये काहीतरी बिघडलंय असं धरून तिथली सेटिंग बदलायला लागलो होतो. शेवटी शेजारी बसलेले पेटीवाले काका म्हणाले, "अहो, तिथे काय लिहिलंय ते राहू द्या. वाजतंय काय ते सांगा."

हा लेख त्या प्रश्नावरच उभा आहे. सुगम संगीताच्या किंवा कराओकेच्या गटात नव्याने शिरलेले, बँड-इन-अ-बॉक्स, आयरियल प्रो, म्यूझस्कोअर किंवा फोनवरचं एखादं कॉर्ड दाखवणारं ॲप वापरायला लागलेले, आणि पट्टी बदलली की स्क्रीनवरचे कॉर्ड आणि कानावर पडणारे सूर यांची फारकत होते म्हणून वैतागलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी.

आधी पेटी आठवा

स्केल चेंजर पेटी पाहिली असेल. खटका सोडवून पट्ट्यांचा संच एक घर, म्हणजे काळी-पांढरी धरून लगतच्या पट्टीवर, सरकवला की बोट पांढरी एकवर पडतं आणि आवाज काळी एकचा येतो. कोणी बाहेरून आलेला माणूस नुसतं तुमच्या बोटांकडे बघेल तर तो म्हणेल "सी वाजवताय". डोळे मिटून ऐकेल तर म्हणेल "सी शार्प". दोघंही बरोबर.

सॉफ्टवेअरमध्ये हेच होतं, फक्त एक माणूस वाढतो. कारण तिथे कॉर्ड तीन असतात. एक, फाइलमध्ये मुळात लिहिलेला. दोन, स्पीकरमधून ऐकू येणारा. तीन, वाजवणाऱ्याने बोटांनी धरायचा. स्क्रीनवर या तिघांपैकी एकच दिसतो, आणि कोणता दिसतोय हे बहुतेक ॲप ठळक सांगत नाहीत. "डिस्प्ले चुकतोय" अशा ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा डिस्प्ले बरोबरच असतो, तो दुसऱ्या कुणासाठी तरी बरोबर असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. गाणं फाइलमध्ये सी मध्ये आहे, म्हणजे पांढरी एक. कॉर्ड चार: सी, ए मायनर, एफ, जी. काकूंची पट्टी काळी चार. सी पासून तिथे जायला आठ घरं वर किंवा चार घरं खाली. ट्रॅक ध्वनिमुद्रित असेल तर चार खालीच जा. आठ घरं वर ओढलेला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो.

पहिली पायरी: सगळं शून्यावर

दुरुस्ती करायच्या आधी जिथे जिथे पट्टी सरकू शकते ती प्रत्येक जागा शून्यावर आणायची. या जागा लोकांना वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. ॲपमधली गाण्याची की, म्हणजे पट्टी. त्याच ॲपमधलं प्लेबॅकचं पिच, जे वेगळ्या पानावर लपलेलं असतं. नोटेशन फक्त दिसायला सरकवणारी सेटिंग, जिला बँड-इन-अ-बॉक्समध्ये व्हिज्युअल ट्रान्सपोज म्हणतात. तुमचं वाद्य कोणतं, हे विचारणारी सेटिंग. कपोचा, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याचा, आकडा. कीबोर्डवरचं स्वतःचं ट्रान्सपोजचं बटण. आणि हो, शेजारची स्केल चेंजर पेटी सरकवलेली आहे का तेही बघा. संदर्भाचा सूर म्हणून आपण तिलाच विचारणार असू आणि ती स्वतःच एक घर सरकलेली असेल, तर सगळा तपास पाण्यात.

कीबोर्ड बंद करून चालू केला की ट्रान्सपोज शून्यावर येतं असं गृहीत धरू नका. कुठला येतो, कुठला शेवटची सेटिंग जपून ठेवतो. एकदा करून बघा आणि उत्तर कीबोर्डवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. मी लावली आहे.

या पायरीवर केबलवर संशय घेण्याची एक जुनी रीत आहे. मिडीची, म्हणजे कीबोर्ड संगणकाला जोडणारी, केबल खराब असेल तर सूर अडकतात, तुटतात, मुळात येतच नाहीत. ते सगळेच्या सगळे शिस्तीत चार घरं खाली येत नाहीत. तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नवी केबल आणायला पळू नका.

दुसरी पायरी: ऐका, बघा, वजा करा

आता गाणं हव्या त्या पट्टीत आणा आणि ज्या ठिकाणी ते विसावतं, म्हणजे धृवपदाच्या शेवटी, तिथला कॉर्ड पकडा. तिथे बहुतेक वेळा षड्जाचा कॉर्ड असतो. फोनवरच्या तानपुऱ्याचा सूर एकेक घर बदलत जा. जिथे गाणं आणि तानपुरा एकमेकांत विरघळतात तो खरा वाजणारा सूर. ट्यूनर ॲपही चालेल, पण पूर्ण वाद्यवृंद वाजत असताना ट्यूनर गोंधळतो. तानपुऱ्याला हा त्रास नाही, कारण तिथे ऐकणारे कान तुमचे असतात.

मग स्क्रीनवर त्याच जागी काय लिहिलंय ते बघा. आणि दोघांना आकडे द्या:

पांढरी एक, सी: ०
काळी एक, सी शार्प किंवा डी फ्लॅट: १
पांढरी दोन, डी: २
काळी दोन, डी शार्प किंवा ई फ्लॅट: ३
पांढरी तीन, ई: ४
पांढरी चार, एफ: ५
काळी तीन, एफ शार्प किंवा जी फ्लॅट: ६
पांढरी पाच, जी: ७
काळी चार, जी शार्प किंवा ए फ्लॅट: ८
पांढरी सहा, ए: ९
काळी पाच, ए शार्प किंवा बी फ्लॅट: १०
पांढरी सात, बी: ११

दिसणाऱ्याच्या आकड्यातून वाजणाऱ्याचा आकडा वजा करा. उत्तर उणे आलं तर त्यात १२ मिळवा. जे उरेल ते आजाराचं नाव सांगतं. अतिशयोक्ती वाटेल, पण या एका वजाबाकीने माझे किती संध्याकाळचे तास वाचले असतील.

आपल्या उदाहरणात वाजतोय ए फ्लॅट, म्हणजे ८. स्क्रीनवर सी दिसला तर ० वजा ८, म्हणजे उणे ८, त्यात १२ मिळवून ४. आपण ट्रॅक चार खाली आणला आणि फरक चारच आला. म्हणजे आवाज हलला, अक्षरं जागच्या जागी राहिली. याचं नेहमीचं कारण असं की तुम्ही प्लेबॅकचं पिच बदललंत, गाण्याची की नाही. कॉर्ड फोटो किंवा पीडीएफच्या रूपात असतील तर ते कधीच हलणार नाहीत, तिथे सेटिंग शोधण्यात अर्थ नाही.

स्क्रीनवर ई दिसला तर ४ वजा ८, १२ मिळवून ८. म्हणजेच आणखी चार घरं खाली. अक्षरं दोनदा सरकली. एकदा गाण्याच्या कीमुळे आणि एकदा व्हिज्युअल ट्रान्सपोजमुळे. गच्चीवर माझं झालं ते याचंच उलटं रूप: तिथे अक्षरं बरोबर होती, बोटांचा आवाज दोनदा सरकला होता.

उत्तर २ आलं तर कुठेतरी वाद्य म्हणून ट्रम्पेट, क्लॅरिनेट किंवा टेनर सॅक्सोफोन निवडलेला आहे. ही बी फ्लॅटची वाद्यं. त्यांना सी वाजवायला सांगितलं की खरा सूर बी फ्लॅट येतो, म्हणून त्यांच्या कागदावर सगळं दोन घरं वर लिहितात. उत्तर ९ आलं तर आल्टो सॅक्सोफोन, ई फ्लॅटचं वाद्य. ७ आलं तर एफचं, उदाहरणार्थ फ्रेंच हॉर्न. आयरियल प्रोमध्ये अशा वाद्यासाठी एक वेगळी सेटिंग आहे. म्यूझस्कोअरमध्ये खाली कॉन्सर्ट पिच नावाचं बटण आहे, ते दाबलेलं असलं की सगळ्यांना खरे वाजणारे सूर दिसतात, सोडलं की प्रत्येक वाद्याला त्याचे त्याचे. गटातल्या सॅक्सोफोनवाल्याने एकदा तुमचा टॅबलेट वापरला असेल तर हे उत्तर हमखास येतं.

उत्तर ११, १०, ९, ८ असं मोठं आलं आणि गटात गिटार असेल तर कपोचा आकडा बघा. कपो एकवर असेल तर दिसणारा कॉर्ड वाजणाऱ्यापेक्षा एक घर खाली, म्हणजे ११. कपो तीनवर असेल तर ९. चाणाक्ष वाचक म्हणतील, ९ तर आल्टो सॅक्सचंही उत्तर आहे, आणि ८ दोनदा सरकल्याचंही. बरोबर. म्हणून आणखी एक चाचणी लागते: दुसरं गाणं उघडा. फरक सगळ्या गाण्यांत तोच येत असेल तर दोष ॲपच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये आहे, वाद्य किंवा व्हिज्युअल ट्रान्सपोज. फक्त एकाच गाण्यात येत असेल तर त्या गाण्याच्या फाइलमध्ये आहे, कपो किंवा की. ही चाचणी नवशिके करत नाहीत आणि एका गाण्याच्या दुखण्यासाठी सगळ्या ॲपची सेटिंग फिरवून बसतात. मग बाकीची तीस गाणी बिघडतात.

आणि फरक कुठल्याच आकड्यात नीट बसत नसेल, सूर दोन घरांच्या मधेच कुठेतरी लागत असेल, तर बहुधा मूळ ध्वनिमुद्रणच त्या पट्टीत नाही. जुन्या टेपवरून उतरवलेली गाणी अशी असतात. तिथे डिस्प्ले निर्दोष. ट्रॅक सेंटच्या, म्हणजे एका घराच्या शंभराव्या भागाच्या, हिशेबाने हलवावा लागतो.

तिसरी पायरी: शार्प की फ्लॅट

आवाज बरोबर, घर बरोबर, पण स्क्रीनवर दिसतंय जी शार्प, एफ मायनर, सी शार्प, डी शार्प. वाजवता येतं. पण वाचताना अडखळायला होतं, आणि ज्याने पाश्चात्त्य पद्धतीने थोडं शिक्षण घेतलंय तो तर तोंड वाकडं करतो. त्याचं बरोबरही आहे.

पेटीवर हा प्रश्नच येत नाही. काळी चार म्हणजे काळी चार, तिला दुसरं नाव नाही. पाश्चात्त्य लेखनात त्याच पट्टीला दोन नावं आहेत आणि कोणतं वापरायचं हे गाण्याच्या कीवर ठरतं. सप्तकातल्या सात सुरांना सात वेगळी अक्षरं मिळाली पाहिजेत, हा नियम. काळी चार मेजरला ए फ्लॅट म्हटलं तर चार फ्लॅटमध्ये काम भागतं. जी शार्प म्हटलं तर आठ शार्प लागतात, त्यात एफला दोनदा शार्प करावं लागतं. काळी दोन मेजर ई फ्लॅट म्हणून तीन फ्लॅट, डी शार्प म्हणून नऊ शार्प. काळी पाच मेजर बी फ्लॅट म्हणून दोन फ्लॅट, ए शार्प म्हणून दहा शार्प. कोण कशाला शार्प निवडेल?

पण मायनरमध्ये गंमत उलटते. काळी चार मायनर असेल तर जी शार्प मायनरला पाच शार्प आणि ए फ्लॅट मायनरला सात फ्लॅट. म्हणजे तीच पट्टी, त्याच काकू, गाणं मेजर असेल तर ए फ्लॅट लिहा आणि मायनर असेल तर जी शार्प. काळी एक मायनर आणि काळी तीन मायनर शार्पमध्येच बऱ्या, काळी पाच मायनर फ्लॅटमध्ये, बी फ्लॅट मायनर. काळी तीन मेजर आणि काळी दोन मायनर या दोघींना कसंही लिहा, सहा शार्प किंवा सहा फ्लॅट.

सॉफ्टवेअर यात का चुकतं? मिडीमध्ये सुराला फक्त क्रमांक असतो. मधला सी म्हणजे ६०, त्याच्या पुढची काळी ६१. ती सी शार्प की डी फ्लॅट, याची नोंद त्या क्रमांकात नाही. १९८३ मध्ये मिडी आलं तेव्हा एका वाद्याने दुसऱ्याला "ही पट्टी दाबली" एवढं कळवणं हा हेतू होता, शुद्धलेखनाचा नव्हता. त्यामुळे क्रमांकावरून कॉर्डचं नाव काढणारं ॲप अंदाज करतं, आणि आळशी ॲप सगळीकडे शार्प छापून मोकळं होतं.

इलाज दोन. सेटिंगमध्ये शार्प किंवा फ्लॅट पसंती निवडायची सोय असेल तर ती वापरा. पण त्याआधी गाण्याची की बरोबर नोंदवलेली आहे का ते बघा, कारण शहाणी ॲप कीवरूनच नाव ठरवतात. इंटरनेटवरून घेतलेल्या कित्येक फाइलींत कॉर्ड एफ मायनरचे असतात आणि की मात्र सी म्हणून पडून असते, कारण नवी फाइल उघडल्यावर सी आपोआप येतो आणि टंकणाऱ्याने तिकडे पाहिलेलंच नसतं. इथे की बदलायची, पण कॉर्ड न हलवता. बँड-इन-अ-बॉक्समध्ये की निवडताना दोन पर्याय दिसतात, एक गाणं त्या कीमध्ये नेणारा आणि एक नुसती कीची खूण बदलणारा. दुसरा निवडा. चुकून पहिला निवडलात तर गाणंच उठून दुसऱ्या पट्टीत जाईल, आणि तुम्ही वजाबाकीच्या पायरीवर परत याल.

बँड-इन-अ-बॉक्सबद्दल आणखी एक. की बदलल्यावर साथ नव्याने तयार करून घ्यावी लागते. नव्याने न करता जुनंच ऐकत राहिलात तर कॉर्ड नव्या पट्टीत आणि कानात जुनीच पट्टी, असा भास होतो.

चौथी पायरी: काही मोजकेच कॉर्ड हललेले नाहीत

सुरुवात बरोबर, अंतऱ्यात मधेच एखादा कॉर्ड परका. हा दोष बहुतेकदा फाइलीत असतो, आणि शोधायला डोळेच लागतात.

पहिला संशयित स्लॅशचा कॉर्ड. सी आणि खाली बेसला ई, असा मूळ कॉर्ड दोन घरं वर नेला तर डी आणि खाली एफ शार्प व्हायला हवा. काही ॲप डी करतात आणि बेसचा ई तसाच सोडतात. बेस गिटारवाला बिचारा लिहिलेलं वाजवतो आणि शिव्या खातो.

दुसरा, शार्प-फ्लॅटची चिन्हं. कोणी फ्लॅटसाठी खरं ♭ चिन्ह टाकतं, कोणी लहान लिपीतलं बी अक्षर. कोणी खरं ♯ टाकतं, कोणी फोनवरचा हॅश. दिसायला सारखी, संगणकाला वेगळी. ॲपला एकच रूप कळत असेल तर दुसऱ्या रूपातला कॉर्ड त्याला शब्द वाटतो आणि तो त्याला हात लावत नाही. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून शोधा-बदला करा, हॅश आणि लहान बी हीच रूपं ठेवा. स्क्रीनवर चिन्हाच्या जागी चौकोन दिसत असेल तर मात्र ती फॉन्टची अडचण, ट्रान्सपोजची नाही.

तिसरा संशयित जर्मन. त्यांच्याकडे आपल्या बीला एच म्हणतात, आणि बी म्हणजे आपला बी फ्लॅट. तिकडची फाइल आली की एच हा कॉर्ड आपल्या ॲपला कळत नाही आणि बी एक घर चुकतो. म्यूझस्कोअरमध्ये कॉर्डच्या लेखनाच्या शैलीत जर्मन पर्याय आहे.

म्यूझस्कोअरमध्येच कॉर्ड साधा मजकूर म्हणून टंकले असतील तर ते हलणार नाहीत. कंट्रोल आणि के दाबून टाकलेलाच खरा कॉर्ड. शिवाय ट्रान्सपोजच्या खिडकीत कॉर्डचिन्हांसाठी वेगळी चौकट आहे, तिच्यात टिक हवी.

याच्या उलटही होतं, जे कॉर्ड नाहीत ते हलतात. रोमन लिपीत टंकलेल्या एका गाण्यात "ए, ए" अशी हाक मारणारी ओळ होती. ॲपला ती दोन कॉर्डची ओळ वाटली. पट्टी बदलल्यावर गायिकेच्या स्क्रीनवर हाक गेली आणि तिथे वेगळंच अक्षर उगवलं. तिने ते गायलं नाही, हे आमचं नशीब.

कॉर्डशी संबंध नाही, पण याच कुळातला एक दोष सांगून टाकतो. मिडी फाइल सरकवताना तबला-ड्रमचा ट्रॅक सरकता कामा नये. जनरल मिडीत ड्रमचा चॅनेल दहावा, आणि तिथे क्रमांक म्हणजे सूर नाही, वाद्य. ४२ म्हणजे बंद हाय-हॅट, ३८ म्हणजे स्नेअर. सगळं चार घरं खाली नेलंत की हलक्या हाय-हॅटच्या जागी प्रत्येक मात्रेला स्नेअर कडाडतो. भावगीताची पलटण होते.

पाचवी पायरी: देवनागरी शब्दांवरचे कॉर्ड

हा त्रास परदेशी मदतपुस्तिकांत सापडणार नाही. शब्दांच्या वर कॉर्डची ओळ, मधे मोकळ्या जागा टाकून जुळवलेली, अशी फाइल असेल तर पट्टी बदलताच जुळणी मोडते. सी एका अक्षराचा, त्याचा सी शार्प झाला की दोन अक्षरं, आणि पुढचे सगळे कॉर्ड एकेक जागा उजवीकडे. रोमनमध्ये निदान समान रुंदीचा फॉन्ट वापरून निभावतं. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रांमुळे तेही साधत नाही.

म्हणून कॉर्डप्रोची पद्धत घ्या. त्यात कॉर्ड चौकटी कंसात, थेट शब्दाच्या आत, जिथे तो बदलतो तिथे लिहितात. जागा अक्षराला बांधलेली असते, त्यामुळे कॉर्डचं नाव कितीही लांब झालं तरी तो त्याच अक्षरावर राहतो. फक्त एक पथ्य. कंस नेहमी पूर्ण अक्षराच्या आधी टाका. "कि" मधल्या क आणि वेलांटीच्या मधे कंस घुसला तर वेलांटी पोरकी होते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर चढून बसते. जोडाक्षराचंही तेच. "स्व" च्या आत कंस टाकलात की पाय मोडलेला स आणि वेगळा व दिसतो. कॉर्ड बरोबर, शब्द वाचवत नाही.

सहावी पायरी: कुणाला काय दाखवायचं

दोष काढून झाले. आता प्रत्येक साथीदाराला त्याच्या कामाचा कॉर्ड मिळाला पाहिजे, आणि तो एकच असेल असं नाही. काकूंच्या त्याच गाण्यात सॉफ्टवेअर आणि बेस गिटारवाला खरे वाजणारे कॉर्ड बघतात: ए फ्लॅट, एफ मायनर, डी फ्लॅट, ई फ्लॅट. गिटारवाला पहिल्या घरात कपो लावतो आणि बघतो: जी, ई मायनर, सी, डी. सोपे, मोकळ्या तारांचे. हिशेब असा, वाजणाऱ्यातून कपोचा आकडा वजा. लोक इथे उलटी बेरीज करतात आणि ए धरून बसतात. आल्टो सॅक्सवाल्याला एफपासून सुरू होणारा कागद. पेटीवाल्या काकांना काहीच नको, "काळी चार" एवढं पुरे.

कीबोर्डवाल्याने मात्र एक काय ते ठरवायचं. एकतर कीबोर्ड शून्यावर ठेवून ए फ्लॅट वाचा आणि ए फ्लॅट धरा. नाहीतर कीबोर्ड उणे चारवर नेऊन सीचा मूळ कागद वाचा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं केलंत की गच्ची आठवा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दुसरा मार्ग घ्या, पण घरी रियाज पहिल्याने करा. ट्रान्सपोजच्या बटणावर दहा वर्षं काढलेले वादक मी पाहिलेत, वीज गेली आणि साधी पेटी पुढे आली की त्यांना काळी चार सापडत नाही.

कीबोर्डच्या स्वतःच्या छोट्या स्क्रीनवर डाव्या हाताचा कॉर्ड उमटतो, तो धरलेला असतो की वाजणारा, हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक वेगळं. अर्ध्या मिनिटात कळतं: ट्रान्सपोज अधिक दोन करा, सी धरा. सी दिसला तर तो बोटांचा कॉर्ड दाखवतो, डी दिसला तर आवाजाचा. हेही चिकटपट्टीवर लिहा.

आणि मग दिवाळी पहाट येते

पहाटे साडेपाचला मंडपात आवाज तपासताना काकू हमखास म्हणणार, "आज गळा जड आहे हो, अर्धी पट्टी खाली घेऊ या." काळी चारवरून पांढरी पाच. घाबरून सगळ्यांनी आपापल्या सेटिंगला एकदम हात घालायचा नाही, एकामागून एक जायचं. आधी सॉफ्टवेअर: उणे चारचं उणे पाच, साथ नव्याने तयार करून घ्या, स्क्रीनवर जी, ई मायनर, सी, डी आलं का बघा. मग गिटार: कपो काढून टाका, कागद तोच. मग कीबोर्ड: सीच्या कागदावर असाल तर उणे पाच, कागद तोच. खरे कॉर्ड वाचत असाल तर आता सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरचे वाचा. सॅक्सवाल्याला मात्र नवा कागद लागेल, ईचा, चार शार्पचा. त्याला सगळ्यात आधी सांगा, कारण पहाटे साडेपाचला त्याचीच पंचाईत सगळ्यात मोठी.

त्यानंतर धृवपदाचा शेवटचा कॉर्ड सगळ्यांनी मिळून एकदाच धरा, पेटीची पांढरी पाच दाबून ठेवा, आणि ऐका. पेटी सरकवलेली नाही ना, तेवढं आधी बघून.